तात्पुरतं केलंय

नानांच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी देत आणि मग संडासाच्या फ्लशची माहिती. ही माहिती काकू देत. कारण नानांनी द्यायला घेतली तर ती सायफनच्या तत्त्वापासून सुरू व्हायची, आणि पाहुण्याकडे तेवढा वेळ असायचाच असं नाही. "दोन छोटे झटके, मग एक लांब ओढ, आणि साखळी लगेच सोडायची नाही," काकू चहाचं आधण ठेवता ठेवता सांगत. थोरला जावई पहिल्यांदा राहायला आला तेव्हा त्याने हे सगळं दाराआड जाईपर्यंत दोनदा पुटपुटून पाठ केलं होतं. तो सनदी लेखापाल आहे, परीक्षांची सवय आहे.

या दोन झटक्यांना इतिहास आहे. साखळी ओढली की टाकीतली तबकडी वर उचलली जाते आणि पाणी एका वळणावरून पलीकडे ढकलते. एकदा पाण्याने ते वळण ओलांडलं की उरलेली टाकी आपली आपण रिकामी होते. त्या तबकडीवर प्लास्टिकची एक पातळ चकती असते. ती फाटली. दुकानदार म्हणाला, चकती सुटी मिळत नाही, टाकीच बदला. नानांनी घरी येऊन मुलाचा शाळेतला रेनकोट काढला आणि त्यातून चकती कापून बसवली. रेनकोटचं कापड मुळापेक्षा जरा मऊ, त्यामुळे पहिल्या ओढीला पाणी नुसतं जागं व्हायचं, कामाला लागायचं नाही. "सध्या तात्पुरतं केलंय," नाना म्हणाले. त्या रेनकोटचा मालक आता दोन मुलांचा बाप आहे.

नानांच्या घरात बिघडलेली वस्तू एकही नाही. धड वस्तूही एकही नाही. सगळं चालतं, फक्त ते कसं चालवायचं हे ठाऊक असावं लागतं. बाथरूमचं दार लावताना पायाच्या अंगठ्याने किंचित वर उचलायचं. ओट्याजवळचा नळ पूर्ण बंद करून मग केसभर मागे आणायचा, म्हणजे थांबतो. दिवाणाखालचा खण आधी डावीकडून ओढायचा. हॉलमधल्या दिव्याचं बटण दाबल्यावर तिथेच उभं राहून वाट बघायची, पुन्हा दाबायचं नाही, पुन्हा दाबलं की तो रुसतो. या सगळ्या विद्येत पूर्ण पारंगत अशी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे काकू. नाना दुरुस्त करून मोकळे होतात, ती वस्तू पुढे रोज वापरायची असते काकूंना. काकू बहिणीकडे साताऱ्याला गेल्या तेव्हा नानांना स्वतःच दुरुस्त केलेला मिक्सर सुरू करता येईना. भांडं जरा तिरकं बसवून मग दाबायचं, हे त्यांना फोनवरून कळलं.

नाना नोकरीत हिशेब तपासनीस होते. पस्तीस वर्षं त्यांनी हातात लाल पेनापेक्षा जड काही धरलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशी माणसं कारखान्यांतून येतात असा समज आहे. तो चुकीचा आहे. पिंपरी-चिंचवडला लेथवर हयात घालवलेले एक गृहस्थ आमच्याच इमारतीत आहेत. घरचा नळ गळला की ते सरळ प्लंबरला फोन करतात आणि पेपर वाचत बसतात. पाना धरण्याची हौस ज्याला पोटासाठी तो कधी धरावा लागला नाही त्यालाच असते, असं माझं निरीक्षण आहे. हिशेब खात्याने नानांना एक गोष्ट मात्र दिली, ती म्हणजे वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, रोजकीर्दीची वही. तिच्यात घरातल्या प्रत्येक वस्तूचं खातं आहे. 'नळ, मोरीतला' या खात्यावर वायसर कधी बदलला, कोणत्या मापाचा, कशाचा, पुढे किती टिकला, हे सगळं बारीक अक्षरात. जमाखर्चाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'खर्च : शून्य' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या असतात.

ते शून्य तपासनिसाच्या नजरेने पाहिलं तर टिकणार नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि निवृत्तीनंतर नानांचा आठवडा याच दोन वारांवर उभा आहे. जाण्यायेण्याच्या रिक्षाभाड्यात डझनभर वायसर येतील. पण ते भाडं नळाच्या खात्यावर पडत नाही, 'किरकोळ' खात्यावर पडतं. बाजारातून नाना हवी ती वस्तू आणत नाहीत, लागेल ती आणतात. पितळी मूठ आणतात, जिला दार नाही. किल्ली आणतात, जिला कुलूप नाही. "असू दे, एखाद्या दिवशी नडतं," असं म्हणून ती डब्यात जाते.

डबा पत्र्याचा, बिस्किटांचा. झाकणावरचं चित्र केव्हाच पुसलं गेलंय. वरच्या थरात पाना, पक्कड, टेस्टर, कानस. त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, हवाई चपलांचे कापलेले तळवे, तागाचं सूत, सफेद्याची वाळत आलेली डबी, एम-सीलच्या अर्ध्या कांड्या, आटे गेलेले स्क्रू आणि आटे असलेले पण डोकं गेलेले स्क्रू, हे दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत. तळाशी एक चार आण्याचं नाणं. केंद्र सरकारने 2011 साली चार आणे चलनातून काढले, नानांच्या डब्यात ते अजून नोकरीवर आहे. ते का, हे पुढे कळेल.

बोहरी आळीत एक हार्डवेअरवाले शेठ नानांना लांबून ओळखतात. शेठ सज्जन आहेत, पण धंदेवाईक आहेत.

"नाना, अख्खा नळच घेऊन टाका की. गॅरंटीचा आहे."

"अख्खा नळ घ्यायला काय अक्कल लागते?"

"मग काय देऊ?"

"स्पिंडलवरचा तेवढा नट दे. पितळी. पूर्वी यायचा तसा."

"तो आता नाही येत."

"मग पूर्वीचाच शोध."

आणि शेठ दुकानाच्या मागच्या अंधारात जाऊन कुठल्याशा खोक्यातून तो शोधून आणतात. पैसे घेत नाहीत. त्यामुळे नाना पुन्हा येतात.

नळाचं प्रकरण एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. नळ उघडायचा म्हणजे आधी पाणी बंद करायचं. घरातला मेन कॉक कित्येक वर्षांत कोणी हलवलेला नसतो. तो फिरवला की पाणी तर थांबत नाहीच, वर तो स्वतःच दांड्यापाशी गळू लागतो. म्हणजे गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करणं आलं, आणि तो बंद म्हणजे अख्ख्या विंगचं पाणी बंद. जिन्यातल्या फळ्यावर नाना आदल्या रात्री खडूने सूचना लिहितात : 'उद्या सकाळी दहा ते सव्वादहा पाणी येणार नाही. किरकोळ काम.' जुनी बिऱ्हाडं हे वाचून पिंपं भरतात, दुपारच्या भांड्यांचीसुद्धा सोय करून ठेवतात. दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली इंजिनिअर पोरं सव्वादहावर विश्वास ठेवतात आणि डोक्याला फेस घेऊन जिन्यात उभी राहतात.

नाना मोरीत पाट टाकून बसतात. पान्याच्या जबड्याला फडकं गुंडाळतात, पितळेवर ओरखडा येऊ नये म्हणून. डोक्यावरचा भाग सुटतो, दांडा बाहेर येतो, त्याच्या टोकाला काळा वायसर. कडक झालेला, मधोमध गोल खाच पडलेली. नाना तो उजेडात धरतात.

"बघ. याची काही चूक नाही. हा आपल्या जागी बसला होता. माणसं पिळतात. थेंब पडला की पिळतात, मग खाच पडते, मग जास्त पडतो, मग आणखी पिळतात."

हे खरं आहे. गळणारा नळ घट्ट पिळल्यानेच जास्त लवकर मरतो, आणि आपण सगळे तेच करतो. मग नाना हवाई चपलेच्या तळव्यावर ते चार आण्याचं नाणं ठेवून पेन्सिलने गोल काढतात. अर्ध्या इंची नळाच्या वायसरला ते नाणं माप म्हणून चपखल बसतं. ब्लेडने कापायचं, कडा पॉलिश पेपरवर घासायची, तापवलेल्या खिळ्याने मधोमध भोक. रबर जळल्याचा वास जिन्यापर्यंत येतो आणि विंगला कळतं की पाणी अजून तासभर नाही. एवढं करून नळ बंद झाला नाही तर दोष वायसरचा नसतो, वायसर ज्यावर टेकतो त्या आतल्या कड्याचा असतो. ते झिजून खडबडीत झालेलं असतं. त्यासाठी नानांनी लाकडी दांड्याला पॉलिश पेपर चिकटवून एक हत्यार केलं आहे. ते आत घालून नाना हलक्या हाताने फिरवत बसतात. त्या वेळी बोलायचं नाही.

हे सगळं कशासाठी, असं एकदा काकूंनीच विचारलं. नानांकडे उत्तर तयार होतं. औषधाच्या हिशेबाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे रोजचं सव्वाचार लिटरच्या वर पाणी वाया.

"वाया कुठे?" काकू म्हणाल्या. "खाली बादली असते. तेवढंच माझ्या कढीपत्त्याला आणि तुळशीला लागतं. आता नळ दुरुस्त केलात, तर रोज आठवणीने घालाल का?"

वहीत त्या दिवशी 'खर्च : शून्य' नंतर कंसात 'झाडे' असं लिहिलेलं आहे.

नानांना श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं. लाकडाच्या कामात त्यांचा हात खरोखर चांगला आहे. पावसाळ्यात दार फुगलं की लोक सुताराला बोलावतात, सुतार रंधा मारतो, आणि दिवाळीपर्यंत दार वाळून फटीतून बाहेरचं सगळं दिसू लागतं. नाना दाराला हात लावत नाहीत. कडेला मेणबत्ती चोळतात आणि ऑक्टोबरची वाट बघतात. बिजागरीचा स्क्रू ढिला होऊन भोक मोठं झालं असेल, तर त्यात फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या तीन-चार आगकाड्या, गुल काढून, ठोकून बसवतात, वाळल्या की कापून सपाट करतात आणि जुनाच स्क्रू पुन्हा पिळतात. तो पुन्हा हलत नाही. आमच्या विंगमधली निम्मी दारं नानांच्या आगकाड्यांवर लटकली आहेत. शॉवरच्या भोकांत बोअरच्या पाण्याचे क्षार साचले की प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती रात्रभर शॉवरच्या तोंडाला बांधतात. सकाळी धो धो. या कामांना ते 'तात्पुरतं' म्हणत नाहीत. म्हणजे तात्पुरतं काय आणि पक्कं काय हे त्यांना नीट कळतं, हे लक्षात घ्या.

विजेच्या बाबतीत गाडी घसरते.

सुरुवात निरागस होती. चोकवाल्या ट्यूबलाइटमध्ये स्टार्टरचं काम नळी पेटेपर्यंतच असतं. पेटल्यावर स्टार्टर काढून घेतला तरी ती जळत राहते. हे कळल्यावर नानांनी तीन खोल्यांना मिळून एकच स्टार्टर ठेवला. दिवेलागणीला ते स्टूल घेऊन निघत. हॉल पेटवायचा, स्टार्टर काढायचा, स्वयंपाकघर, मग आतली खोली. भारनियमनाच्या काळात वीज जाऊन आली की पुन्हा स्टूल. यात दोन स्टार्टर वाचले. पंख्याचंही तसंच. पंखा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, म्हणजे बहुधा कंडेन्सर गेला. अडीच मायक्रोफॅरडचा, तळहातात मावेल एवढा डबा, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. नाना तो बुधवारी आणणार होते. तोवर तात्पुरतं म्हणून काठीने पातं ढकलायचं, की पंखा धरतो. पण असा पंखा ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरतो. एका रात्री अंधारात नानांनी तो उलटा ढकलला, आणि मे महिन्यातला सगळा वारा छताकडे गेला. सकाळी घरातल्या सर्वांत चांगली झोप छतावरच्या पालीला लागली होती.

इथवर ठीक. खरी गोची फ्यूजपाशी झाली. फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. भार वाढला की आधी ती वितळावी आणि भिंतीतली वायर वाचावी, एवढ्यासाठीच तिचा जन्म. नानांना हे तर्काने कळत होतं, मनाला पटत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर मोडणाऱ्या वस्तूंना मोडू दिलं नाही, त्याच्या घरात एक वस्तू मोडण्यासाठीच बसवलेली! तिसऱ्यांदा फ्यूज उडाला तेव्हा त्यांनी तांब्याच्या चार पदरी तारेचा पीळ घालून तो बांधला आणि म्हणाले, "आता बघू कशी उडते." उडाली नाही. पंधरा दिवसांनी गिझर चालू असताना भिंतीतून प्लास्टिक जळल्याचा वास आला. वायरमनने फ्यूजचं किटकॅट उघडून तो पीळ बाहेर काढला, बराच वेळ हातात धरला आणि अत्यंत आदराने विचारलं, "आजोबा, हे कोणी केलं?" नानांनी छताकडे पाहिलं. नंतर एमसीबी बसला. तो पडला की नुसता वर करायचा, आत उघडण्यासारखं काही नाही. नाना त्या पेटीकडे बघतही नाहीत.

कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं गणित तेच. आतलं पाणी संपून कुकर तापला की व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. एकदा डाळ-तांदळाबरोबर तो वितळला. काकू नवा व्हॉल्व्ह आणायला निघाल्या, तर नाना एम-सीलची कांडी मळत बसलेले. काकूंनी काही न बोलता कुकर उचलला आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवला. नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत भात तिकडे शिजला. त्या दिवसापासून घरात एक अलिखित कायदा आहे : गॅस, गिझर, कुकर आणि मीटरची पेटी या चार ठिकाणी नानांनी हात मागे बांधून उभं राहायचं. वहीत या चारांची खाती बंद करून त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारलेली आहे. सही काकूंची आहे.

मागच्या वर्षी मुलगा बंगळुरूहून आला आणि आईवडिलांचं बाथरूम नवं करून गेला. एका दांड्याने गरम-गार होणारा नळ, भिंतीत गाडलेली फ्लशची टाकी, रिमोटवर चालणारा पंखा. नाना दोन दिवस स्टुलावर बसून होते. फ्लशची साखळी अडगळीत गेली आणि रेनकोटची चकती कुठे गेली ते कोणी सांगेना. तुमचं आता काय काम, असं कोणी म्हणालं नाही, पण पाट मोरीतून उचलून ठेवला गेला.

सुदैवाने नव्या वस्तूंनाही देव आहे. आठ महिन्यांत तो एका दांड्याचा नळ थेंब थेंब गळू लागला. कंपनीचा माणूस आला, आतलं काडतूस काढलं, नवं बसवलं आणि जुनं टाकून निघाला. नानांनी ते उचललं. संध्याकाळी मला बोलावलं. वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांनी ते सुटं केलं होतं. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या, दोन्हींना भोकं, एकमेकींवर सरकणाऱ्या. भोकावर भोक आलं की पाणी, नाही आलं की बंद. नानांनी एक चकती बोटाने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एवढी गुळगुळीत की दुसरी तिच्यावर ठेवली तर चिकटूनच बसली.

"काम चांगलं आहे," नाना म्हणाले. "फार चांगलं आहे. पण वायसरला जागाच ठेवली नाही रे."

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये वस्तू दुरुस्त करण्याच्या ग्राहकाच्या हक्काविषयी समिती नेमली, ते कात्रण नानांनी वहीत चिकटवून ठेवलं आहे. खाली लिहिलंय : 'उशीर. तरी ठीक.' त्या चकत्या डब्यात गेल्या. असू देत, एखाद्या दिवशी नडतं. आणि भिंतीत गाडलेली टाकीसुद्धा अगदीच निर्दयी नाही असं दिसतं. बटणाची पट्टी काढली की त्या चौकोनी भोकातून हात आत जातो, हे नानांनी शोधून काढलंय. मुलाला अजून माहीत नाही. परवा रिमोटच्या बॅटरीचं झाकण तुटलं तेव्हा सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून ती रिमोटला चढवली गेली. आता पंखा लावताना रिमोट आधी मांडीवर आपटायचा. काकूंनी ते लगेच आत्मसात केलं.

तुमच्या इमारतीतही असे कोणी असतीलच. नळ, दार, खण, बिजागरी, शॉवर खुशाल त्यांच्याकडे न्या. गिझर आणि कुकर नेऊ नका. विजेची कामं वायरमनला द्या आणि त्यांना ती नंतर सांगा. ते 'सव्वादहा' म्हणाले तर दुपारपर्यंतचं पाणी भरा. त्यांच्याकडून पाना आणलात तर काम झालं त्याच दिवशी परत करा. ते मागायला येणार नाहीत, पण वहीत नोंद असते.